पाटसच्या पुढे पाणीच पाणी!

दोस्तांनो, भूगोलाच्या पुस्तकात त्रिभुज प्रदेश पाहिलाय ना? नदीला फाटे फुटलेत, कालव्यांतून होड्या चालल्यात, वर पक्ष्यांचे थवे! आता दौंड तालुक्यात समुद्र कुठला? पाऊससुद्धा बेताचाच. तरीही चला, आधी पाटसला उतरू.

पाटस पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्याहून साठेक किलोमीटरवर आहे. इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात खडकवासल्याला धरण बांधलं आणि त्याचा उजवा कालवा पुण्यातून थेट इथवर आणला. पुढे नवा कालवा झाला, तो इंदापूरपर्यंत जातो. कालव्याला पाणी सुटलं, की दोन्ही अंगांचा ऊस हिरवागार!

पण गंमत पुढेच आहे. मुठेचं पाणी दोन वाटांनी पूर्वेकडे जातं. एक ही कालव्याची. दुसरी नदीची. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात शिरते. म्हणजे पुण्यातल्या ओढ्यात कुणी कचऱ्याची पिशवी भिरकावली, तर ती याच वाटेला लागणार, बरं का!

आता पाटसहून चाळीसेक किलोमीटर पुढे भिगवण गाठा. तिथून जवळच कुंभारगाव. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याचं पाणी मागे मागे पसरत इथवर आलं. शेतं बुडाली, गावठाणं बुडाली, माणसं वर सरकली. पळसदेवचं जुनं दगडी मंदिरही पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की ते पुन्हा डोकं वर काढतं.

पाणी ओसरलं, की उथळ चिखल उघडा पडतो. त्याचीच वाट पाहत असतो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! साधारण जानेवारीपासून त्यांचे थवे इथे दिसतात. त्यांची जेवायची तऱ्हा बघा. मान खाली घालून चोच चक्क उलटी धरायची, पाणी आत ओढायचं, चाळणीसारखं गाळायचं आणि बारीक जीव तेवढे गिळायचे. गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. पिल्लं असतात करडी. शिवाय चित्रबलाक आहेत, कुरव आहेत, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही भेटतील.

होडीत बसाल तेव्हा एक काम करा. कुणीतरी हमखास म्हणतं, "दादा, जरा जवळ घ्या, उडवा की त्यांना!" फोटो झकास येतो, हे खरं. पण तो पक्षी इथे पोट भरायला आलेला आहे. दिवसातून दहा होड्यांनी दहादा उडवलं, तर खाल्लेलं सगळं पळण्यातच जाणार. तुम्हीच आधी सांगून टाका, "काका, लांबूनच दाखवा." इंजिन बंद करून नुसतं बसलात, तर त्यांची कलकल छान ऐकू येते.

निघण्याआधी वर्तमानपत्रात उजनीचा पाणीसाठा जरूर बघा. कधी कधी तो चक्क 'उणे' असतो! पाणी उणे कसं? तर वापरायचा साठा संपला, की तिथे शून्य धरतात. त्याखालचा मृतसाठा उपसायला लागलं, की आकडा उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत गेला होता. अशा वेळी पळसदेवचं मंदिर बघायला झुंबड उडते, आणि तिकडे सोलापूरकर नळाकडे डोळे लावून बसतात, काठावरचा शेतकरी मोटारीचा पाइप रोज थोडा आणखी आत सरकवतो.

सकाळी लवकर पोचा, टोपी न्या, दुर्बीण असली तर उत्तमच. आणि मासे खात असाल, तर भिगवणची तळलेली चिलापी खाल्ल्याशिवाय परत फिरू नका!