जठराच्या कर्करोगाचें भाकीत

कर्जतसारख्या कोरडवाहू तालुक्यांतील एखाद्या घरचें वडील माणूस महिनोन्महिने "पित्त झालें" म्हणून सोडा घेत राहतें. अखेरीस अहिल्यानगरास किंवा पुण्यास दुर्बिणीनें तपासणी होते आणि जठराचा कर्करोग निघतो. मग मुलें अहवालाचा कागद पुढें करून डॉक्टरांस एकच प्रश्न विचारतात : "किती दिवस?" आजचें वैद्यक या प्रश्नाचें उत्तर रोग्याच्या प्रतिकारशक्तींतहि शोधूं लागलें आहे. त्या उत्तराचें मोल किती, हें येथें पाहूं.

रक्तांतील पांढऱ्या पेशी ही देहाची शिबंदी होय. त्यांपैकीं न्यूट्रोफिल पेशी जेथें दाह होतो तेथें धांवतात. लिंफोसाइट पेशी शत्रु ओळखून त्यास मारण्याचें काम करतात. शंभर पांढऱ्या पेशींत पहिल्या ७० व दुसऱ्या २० असल्यास त्यांचें प्रमाण ३.५ येतें. उपचारापूर्वीं हें प्रमाण चढें असलेल्यांचें आयुष्य सरासरीनें कमी भरतें, असें अनेक पाहण्यांत आढळलें आहे. चाचणी साधी व स्वस्त आहे. परंतु एखाद्या जंतुविकाराच्या तापानेंहि हा आंकडा चढतो; शिवाय धोक्याची रेषा कोणी २ वर, तर कोणी ५ वर ओढतो.

दुसरी खूण खुद्द गांठींत सांपडते. कित्येक कर्कपेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नांवाचें प्रथिन धारण करून लिंफोसाइटांस जणूं "थांबा" म्हणतात. शिबंदीचा हा लगाम ओळखून तो सैल करण्याची वाट दाखविल्याबद्दल ॲलिसन व होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गांठीच्या तुकड्यांतील या प्रथिनाचा निर्देशांक आतां मोजतात. जठर व लगतच्या अन्ननलिकेचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेलेले, आणि निर्देशांक ५ किंवा अधिक असलेले जे रोगी एका मोठ्या प्रयोगांत होते, त्यांचें मध्यम आयुष्य केवळ रसायनोपचारानें ११.१ महिने, तर निव्होलुमॅब जोडल्यावर १४.४ महिने भरलें. हा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला.

येथेंच वाचकांनीं सावध व्हावें. मध्यम आयुष्य म्हणजे निम्मे रोगी त्याहून अधिक जगले. आंकडा समुदायाचा असतो. आपल्या वडिलांची घटका तो सांगत नाहीं. कोणतें औषध लागू पडण्याचा संभव आहे, हें ठरविण्यास मात्र तो खरोखर उपयोगी पडतो. म्हणून "किती दिवस?" याऐवजीं "या खुणांवरून कोणता उपचार योग्य?" असें विचारणें अधिक हिताचें.

आणि या सर्व खुणांहून बलवत्तर खूण जुनीच आहे : रोग कोणत्या अवस्थेंत हातीं लागला. कर्जतच्या आग्नेयेस, सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण कर्करोगनोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गांवोगांव जाऊन लोकांस लक्षणें समजावून सांगत. एवढ्यानेंच गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयीं येऊं लागल्या, असें पुढें दिसून आलें. यंत्र नवें नव्हतें. बोलणें नवें होतें.

जठराच्या बाबतींतहि तेंच बोलणें घरोघर व्हावयास हवें. पन्नाशीच्या पुढें नव्यानें जडलेलें अपचन, कारणावांचून घटणारें वजन, घांस अडकणें, वारंवार वांति, काळा शौच — यांतील एकहि लक्षण टिकून राहिलें, तर सोड्याचा डबा बाजूस ठेवून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.