वऱ्हाडच्या मातीनं मळलेलं इंजिन

नवी वस्तू घरात आली की तिला डाग लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करायचा, ही आपली रीत. नव्या फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही, सोफ्यावर चादर कायमची. अशा घरात एखाद्यानं हजारो रुपये मोजून वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणावं, दोन दिवस रुळांवर फिरवून बघावं आणि तिसऱ्या दिवशी ब्रश घेऊन ते पद्धतशीर मळवायला बसावं, म्हणजे घरच्यांनी कपाळाला हात लावलाच. पण मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्या माणसाच्या दृष्टीनं खरं काम तिथूनच सुरू होतं. जगभर या उद्योगाला ‘वेदरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला भारदस्त शब्द कुणी अजून घडवलेला नाही आणि तशी गरजही नाही. इंजिन मळवणं, हे पुरेसं नेमकं आहे.

डब्यातून निघालेलं मॉडेल धुराड्यापासून मागच्या कोळसा-पाण्याच्या टेंडरपर्यंत एकसारखं चकचकीत काळं असतं. खरं इंजिन तसं दिसायचं ते शेडमधून धुऊनपुसून निघाल्यावर, फार तर पहिल्या काही स्टेशनांपर्यंत. पोटात आग, अंगात पाणी, सांध्यांत तेल आणि डोक्यावर धूर घेऊन उन्हातान्हात धावणारं यंत्र ते. मळल्याशिवाय राहणार कसं? छोट्या मॉडेलमध्ये ही स्वच्छता जास्तच खटकते, कारण चकाकीमुळे ते खेळणं वाटतं. रंगावर मॅट व्हार्निशचा एक पातळ हात मारला तरी निम्मं खेळणेपण गळून पडतं.

अडचण पुढे आहे. वेदरिंगच्या बहुतेक कृती इंग्लंड-अमेरिकेतून आलेल्या. त्यात पावसानं ओघळलेला गंज असतो, दमट हवेतला हिरवट थर असतो, लंडनच्या धुक्यातली काजळी असते. ती कृती जशीच्या तशी उचलून शेगाव स्टेशनात उभं केलेलं इंजिन रंगवलं, तर ते नुकतंच बोटीतून उतरल्यासारखं दिसेल. मळालाही गाव असतो. तो कोळशावर, पाण्यावर, मातीवर आणि उन्हावर ठरतो, आणि या चारही बाबतींत वऱ्हाडचं आपलं स्वतःचं असं काही आहे.

त्याआधी इंजिन इथं आलं कसं, ते बघू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १८६७ मध्ये तिचा रूळ नागपूरला पोचला. शेगाव याच मार्गावरचं. गजानन महाराज शेगावात प्रकटले ते १८७८ साली. म्हणजे आज ज्यांच्या दर्शनासाठी गाड्या भरभरून येतात, त्यांच्याही आधी इथं इंजिनाची शिट्टी पोचलेली होती. पश्चिमेला जवळच जलंब जंक्शन. तिथून खामगावला जाणारा फाटा १८७० मध्ये सुरू झाला आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा का, याचं उत्तर खामगावच्या बाजारातल्या कापसाच्या गाठींत होतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना तो कापूस हवा होता.

आता पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो आणि शेगाव तालुक्याचा त्यात वाटा आहे. इथल्या विहिरीचं पाणी ज्यानं प्यायलं आहे, त्याला क्षार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. घरातल्या पातेल्याला आणि नळाच्या तोटीला जे होतं, तेच बॉयलरला होतं, फक्त शेकडो पट जास्त. पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागं राहतात. म्हणून रेल्वेला बॉयलरसाठी पाणी निवडून घ्यावं लागे, गरज पडेल तिथं ते मऊ करावं लागे आणि बॉयलर ठरावीक दिवसांनी खोलून धुवावा लागे. तरीही जिथून म्हणून पाणी किंवा वाफ निसटायची, तिथं पांढरट रेघ उमटायचीच. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडाशी, शिट्टीपाशी, बॉयलर धुण्याच्या झाकणांखाली, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचं जास्तीचं पाणी गळतं तिथं.

मॉडेलवर ही रेघ ओढणं हे सगळ्यांत नाजूक काम. शुभ्र पांढरा रंग वापरला तर इंजिनावर कावळा बसून गेल्यासारखं दिसतं. पांढऱ्यात थोडा राखाडी आणि अगदी कणभर पिवळसर रंग मिसळायचा, सर्वांत बारीक ब्रशनं वरून खाली एक रेघ सोडायची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या, नुसत्या दमट ब्रशनं खालच्या टोकाला पुसत न्यायची. वर दाट, खाली विरळ. पाणी असंच ओघळतं. हात आवरता आला पाहिजे, कारण हिशेब निर्दय आहे. सर्वांत जास्त चालणाऱ्या १:८७ या प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ नऊ सेंटीमीटरचा डाग.

पाण्यानंतर कोळसा. भारतीय दगडी कोळशात राख जास्त. पुढच्या बाजूचा स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालचा गोल भाग, या राखेनं भरायचा आणि शेडमध्ये त्याचं दार उघडून ती फावड्यानं बाहेर ओढावी लागे. त्यामुळे दाराच्या खालच्या कडेला आणि त्यापुढच्या पट्टीवर फिकट करड्या राखेचा थर असायचा. याच स्मोकबॉक्सचा रंग आधी उडायचा, त्यालाही कारण आहे. बॉयलरभोवती उष्णता अडवणारं अस्तर आणि त्यावर पत्रा असतो, म्हणून तिथला रंग टिकतो. स्मोकबॉक्सला असं अस्तर नसतं. तापून तापून त्याचा काळा रंग आधी करडा पडतो, मग तांबूस. नवशिके इंजिनभर सारखा गंज फासतात, तेव्हा हा फरक त्यांच्या लक्षात आलेला नसतो.

चाकांजवळचा तांबूस-तपकिरी रंगही नुसत्या मातीचा नव्हे. जुन्या गाड्यांचे ब्रेक ओतीव लोखंडाचे. प्रत्येक वेळी ब्रेक लागला की ते झिजायचे आणि त्या लोखंडाची भुकटी चाकांवर, चौकटीवर, खाली खडीवरही बसून गंजायची. गाड्या जिथं थांबतात, तिथली खडी मधल्या खडीपेक्षा तांबडी दिसते ती यामुळे. त्यावर बसते ती वऱ्हाडची धूळ. काळी माती म्हणून रंगपेटीतला काळा उचलू नये. वाळून उडालेली काळी माती करडी-खाकी दिसते. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवरच्या तेलावर ती चिकटली की दाट, काळपट, किंचित चमकणारा लेप होतो. म्हणजे सगळं इंजिन मॅट करायचं आणि दांड्यांचे सांधे तेवढे ओलसर ठेवायचे.

शिवारातलीच माती वस्त्रगाळ करून वापरण्याचा मोह इथं होतोच. वापरावी, पण आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवून घ्यावा. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहकण असतात. मॉडेलच्या पोटातल्या मोटरमध्येही चुंबक असतो आणि हे कण नेमके तिथंच जाऊन बसतात. त्यापेक्षा चित्रकलेच्या दुकानातले कोरडे पेस्टल खडू ब्लेडनं खरवडून केलेली भुकटी बरी. मऊ ब्रशनं लावायची, जास्त झालेली फुंकून टाकायची. ती पक्की करायला वरून व्हार्निश फवारलं की निम्मी दिसेनाशी होते, म्हणून मनाला पटेल त्यापेक्षा थोडी जास्तच लावलेली बरी. आणि हा सगळा प्रयोग पहिल्यांदा नव्या इंजिनावर करू नये. मालगाडीची एखादी जुनी, मोडकी वाघीण त्यासाठी बळी द्यावी.

वऱ्हाडचं इंजिन म्हटल्यावर वयस्क माणसांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते शकुंतलेचं. अकोल्याच्या पलीकडे मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर असा हा नॅरोगेजचा मार्ग किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकला. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं झेडडी वर्गाचं इंजिन इथं १९२३ पासून गाडी ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते काढून डिझेल इंजिन लावलं गेलं. ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी, तिकडे पंजाबात धावली. म्हणजे शकुंतलेचं इंजिन देशातल्या वाफेच्या अगदी अखेरच्या दिवसांपर्यंत कामावर होतं.

छंदिष्टांच्या दृष्टीनं शकुंतलेत आणखी एक गोडी आहे. बाजारात मिळणारे १:८७ प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद असतात. ८७ नं गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात. हा झाला युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६. म्हणजे या रुळांवर भारतीय मेल-एक्स्प्रेसचं इंजिन ठेवलं, की ते मुळापेक्षा वीतभर अरुंद रुळांवर उभं राहतं. जाणत्याच्या डोळ्याला ते सलतं. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर मात्र ८७ नं भागले की पावणेनऊच्या आसपास येतात, आणि नऊ मिलिमीटरचे तयार रूळ सर्रास मिळतात. उरला फरक पाव मिलिमीटरचा. दिमाखदार मेलगाड्यांना न जमलेला हिशेब या गरीब गाडीनं असा सहज जमवला आहे.

मोठ्या रुळांवरचा दिमाख होता तो डब्ल्यूपी वर्गाचा. बाल्डविन या अमेरिकन कारखान्यातून त्याची पहिली खेप १९४७ साली आली. बंदुकीच्या गोळीसारखं गोलाकार नाक आणि त्यावर तारा. जास्त राखेच्या भारतीय कोळशावर चालावं म्हणूनच ते घडवलेलं होतं. या इंजिनांची म्हणे सौंदर्यस्पर्धाही भरायची, आणि हे ‘म्हणे’ नुसतं म्हणायचं. खरोखरच देशभरच्या शेडमधली डब्ल्यूपी इंजिनं रंगवून, पितळ घासून त्यात उतरवली जात. म्हणून मळवणाऱ्यानं हेही विसरू नये की आपल्याकडे इंजिनावर माणसांचा जीव असे. खंडेनवमीला यंत्राची पूजा करणाऱ्या मुलखात बॉयलरवर काजळी आणि पुढे सुकलेल्या झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, हे एकाच वेळी खरं असतं. स्मोकबॉक्सच्या दारावर लाल रंगाचा एक टिपका काडीच्या टोकानं ठेवला, तर ते इंजिन इंग्लंडचं उरत नाही.

दाखवायला न्यायचं कुठं? ज्याला मांडणीचा थाट बघायचा आहे त्यानं पुण्याला कोथरूडमध्ये जावं. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथं १ एप्रिल १९९८ पासून आहे. रूळ, सिग्नल, पूल आणि दिव्यांनी उजळणारं शहर यांच्यामधून गाड्या सुटतात आणि आजोबा नातवाला पुढे करून स्वतः मागून वाकून बघत असतात. घरात मात्र एवढ्याची गरज नाही. हातभर फळी, दोन फूट रूळ, मागं फिकट निळा कागद, एवढ्यावर शेगावचा फलाट उभा राहतो.

फलाटावर काय ठेवायचं यात काळाचं भान हवं. शेगावची कचोरी ठेवायची असेल, तर ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास स्टेशनावर विकायला सुरुवात केली. डब्ल्यूपीच्या शेजारी कचोरीवाला शोभतो. त्याआधीच्या जुन्या इंजिनाजवळ नाही. डोक्यावर विजेच्या तारा तर नकोतच. इतकं कोण बघतो, असं वाटतं खरं, पण पहिला बघणारा नेमका हेच बघतो.

फोटो काढताना बहुतेक जण उभं राहून, वरून काढतात आणि मेहनत वाया घालवतात. खऱ्या इंजिनाला आपण कधी विमानातून बघितलेलं नसतं. मोबाइल उलटा धरून रुळांच्या पातळीला टेकवायचा. उलटा केल्यानं त्याची काच फळीपासून बोटभरावर येते आणि इंजिन एकदम डोंगराएवढं होतं. ट्यूबलाइट बंद. सकाळी आठच्या सुमाराचं तिरपं ऊन खिडकीतून येत असेल तेव्हा पांढऱ्या रेघा आणि दांड्यांवरचं तेल आपोआप उठून दिसतं.

चाकांच्या कडा स्पिरिटनं पुसून घ्यायच्या, नाहीतर मळलेलं इंजिन जागचं हलणार नाही. वीज चाकांतूनच आत जाते. शेवटी काडीला कापूस गुंडाळून तीच स्पिरिटमध्ये बुडवायची आणि कॅबच्या बाजूवरचा नंबर तेवढा पुसायचा. कडेपर्यंत नाही, हातातल्या चिंध्यांनी फायरमन घाईत पुसेल तितकाच, मधला आकडा स्वच्छ आणि शेवटचा अजून अर्धा काजळीत.