‘जिल्हा कुलाबा’ : एका लुप्त नावाचा मागोवा

लालबागच्या गिरण्यांत राबण्यासाठी कोकणातून आलेल्या अनेक कुटुंबांच्या जुन्या कागदपत्रांत गावाच्या नावापुढे ‘जिल्हा कुलाबा’ असे लिहिलेले आढळते. नव्या पिढीस त्यावरून दक्षिण मुंबईतील कुलाबा आठवतो. पण हा कुलाबा निराळा. अलिबागसमोरील समुद्रात जो कुलाबा किल्ला आहे, त्यावरून या जिल्ह्यास नाव पडले. तो किल्ला आंग्र्यांच्या सत्तेचे केंद्र होय. १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा बनला.

१९८१ मध्ये या जिल्ह्याचे ‘रायगड’ असे नामांतर झाले. ज्या गडावर १६७४ मध्ये शिवराज्याभिषेक झाला, तो याच जिल्ह्यात असल्याने ते उचितच होते. तथापि जुने नाव एकाएकी लोपले नाही. लोकसभेच्या २००४ च्या निवडणुकीपर्यंत तेथील मतदारसंघ ‘कुलाबा’ म्हणूनच ओळखला जाई. २००९ पासून तोही ‘रायगड’ झाला.

भाषेच्या दृष्टीने हा अर्थसंकोच होय : दोन स्थळांचा वाचक असलेला शब्द व्यवहारात बहुधा एकाचाच उरला. म्हणून आजोबांच्या दाखल्यावरून मूळ गाव शोधणाऱ्याने स्थळनामाबरोबर कागदाचा काळही वाचावा. अन्यथा गाव हाती लागणार नाही.