सर्वोत्तम खेळाडू नेमका कोण? चाहत्यांची निवड आणि वर्गातलं मतदान



वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलं की प्रत्येक शाळेत एक प्रश्न हमखास येतो. 'आदर्श विद्यार्थी' कोणाला द्यायचा? 'उत्कृष्ट खेळाडू' कोण? स्टाफरूममध्ये दोन-तीन नावं लगेच पुढे येतात. बाकीच्या मुलांचा विषयही निघत नाही आणि ढालीवर नाव कोरायला जातं. ज्या मुलांचं नाव कधीच निघत नाही, ती हे बरोबर लक्षात ठेवतात. म्हणून आज हाच प्रश्न आपण जरा लांबून पाहू या, थेट अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या मैदानावरून. हंगाम संपला की तिथले चाहते आपल्या संघातले वर्षाचे सर्वोत्तम खेळाडू निवडतात आणि त्यावर तावातावाने भांडतात. या भांडणात गणित आहे, नागरिकशास्त्र आहे आणि माणसाची पारख कशी करावी हेही आहे.

आधी खेळ समजून घेऊ

हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून पळणं, तो फेकणं, झेलणं आणि समोरच्याला अडवून खाली पाडणं असा हा अमेरिकन खेळ. एका बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. तिथवर पोचता आलं नाही तर लाथेने चेंडू खांबांच्या मधून मारायचा, त्याला फील्ड गोल म्हणतात. त्याचे तीन गुण.

महत्त्वाची गोष्ट अशी की एका संघात खरं तर तीन संघ असतात. आक्रमण करणारे वेगळे, बचाव करणारे वेगळे आणि लाथा मारण्याच्या वेळी उतरणारी खास तुकडी वेगळी. म्हणून चाहते सहसा एकच नाव निवडत नाहीत. आक्रमणातला सर्वोत्तम, बचावातला सर्वोत्तम, खास तुकडीतला सर्वोत्तम, नवीन आलेल्यांतला सर्वोत्तम आणि मग सगळ्यांत मिळून एक, अशी नावं काढतात. मला ही पद्धत आवडते. 'सर्वोत्तम कोण?' या एका मोघम प्रश्नाचे चार नेमके प्रश्न झाले की नजर आपोआप जास्त मुलांकडे जाते.

आता आक्रमणाच्या अकरा जणांत मधोमध पाच धिप्पाड खेळाडू उभे असतात. चेंडू घेऊन पळणं किंवा झेलणं हे त्यांचं काम नाही. समोरच्यांना अंगावर घेऊन मागच्यासाठी वाट मोकळी करायची, एवढंच. दहीहंडीतला सगळ्यात खालचा थर आठवा. फोटो वरच्या गोविंदाचा छापून येतो, खांदे खालच्यांचे सोलवटतात. या पाच जणांच्या नावापुढे ना यार्ड लागतात ना टचडाउन. ज्याचा आकडाच नाही, त्याचं नाव मतपत्रिकेवर येणार कसं?

कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान म्हणजे हाइझमन ट्रॉफी. ती 1935 पासून दिली जाते. या मधल्या पाच जागांवरच्या एकाही खेळाडूला ती आजवर मिळालेली नाही. 1973 मध्ये ओहायो स्टेटचा जॉन हिक्स दुसरा आला होता.

नेब्रास्काचं 2009 साल

उदाहरण म्हणून नेब्रास्का विद्यापीठाचा 2009 चा हंगाम घेऊ. नेब्रास्का हे मक्याच्या शेतांचं राज्य. तिथं व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही, त्यामुळे सगळं प्रेम विद्यापीठाच्या संघावर. लिंकन शहरातल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपतात. सामन्याच्या शनिवारी ते स्टेडियमच राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक गमतीनं म्हणतात. अशा ठिकाणचा चाहता वर्षभरातला एकही सामना चुकवत नाही. देशभरच्या पत्रकारांना ते जमत नाही, आणि चाहत्याच्या मताला वजन येतं ते इथंच.

त्या वर्षी बचावातला सर्वोत्तम कोण, यावर फारशी चर्चा करावी लागण्यासारखी परिस्थिती नव्हती. एन्डॉमुकन सू. तो बचावफळीच्या अगदी मध्यभागी खेळायचा. या जागेवरच्या खेळाडूनं साधारणपणे समोरच्या दोघांना गुंतवून ठेवायचं आणि पाडण्याचं काम मागच्यांनी करायचं, अशी रीत. सूनं मात्र हंगामात 85 टॅकल केले, म्हणजे चेंडूवाल्याला पाडलं, आणि ही संख्या संघात सर्वांत जास्त होती. समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, फेकण्याआधीच त्यानं 12 वेळा आडवं केलं. त्या वर्षी नेब्रास्कानं सामन्यामागे सरासरी फक्त 10.4 गुण दिले. देशात सर्वांत कमी. (जाता जाता सांगते: या सूनं विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली, आणि 2010 मध्ये विद्यापीठाला 26 लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. त्यातले 6 लाख अभियांत्रिकीच्या शिष्यवृत्तीसाठी होते.)

पण बाकीच्या नावांचं काय? 5 डिसेंबर 2009 चा टेक्ससविरुद्धचा अंतिम सामना पाहा. त्या दिवशी सूनं एकट्यानं 12 टॅकल आणि साडेचार सॅक केले. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला मागेच पाडणं, आणि दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा. नेब्रास्काच्या आक्रमणाला मात्र अख्ख्या सामन्यात फक्त 106 यार्ड मिळाले. तरी शेवटच्या क्षणापर्यंत नेब्रास्का 12-10 असा पुढे होता. ते 12 गुण आले कुठून? अ‍ॅलेक्स हेनरी या लाथ मारणाऱ्या खेळाडूच्या चार फील्ड गोलमधून. टेक्ससनं शेवटच्या सेकंदाला 46 यार्डांवरून फील्ड गोल मारून सामना 13-12 असा जिंकला.

आता वर्गात विचारा: या सामन्यात नेब्रास्काचा सर्वोत्तम कोण? ज्यानं समोरच्यांना रोखलं तो, की ज्यानं सगळे गुण केले तो? आणि गुण हेनरीनं 'केले' असं तरी कसं म्हणायचं? चेंडू नीट मागे फेकणारा एक असतो, तो झेलून जमिनीवर उभा धरणारा दुसरा असतो, समोरच्यांना अडवणारे बाकीचे असतात. मुलांना हे फार पटकन कळतं. आपल्यापेक्षा लवकर.

आक्रमणातला सर्वोत्तम निवडणं तर आणखी अवघड. रॉय हेलूनं चेंडू घेऊन हंगामात 1,147 यार्ड पळ काढली, म्हणजे आकडा त्याच्या बाजूचा. दुसरं नाव नाइल्स पॉलचं. मिझुरीविरुद्ध भर पावसात संघ तीन डाव 12-0 असा मागे होता. शेवटच्या डावात त्यानं टचडाउनचे दोन पास झेलले आणि संघ 27-12 नं जिंकला. पण त्याच महिन्यात आयोवा स्टेटविरुद्ध नेब्रास्कानं आठ वेळा चेंडू गमावला आणि सामना 9-7 असा हरला. त्या आठांतला एक चेंडू पॉलच्या हातून, कोणी धक्का न लावता, सुटला होता. ज्याला मिझुरीचा सामना आठवतो तो पॉलला मत देणार आणि ज्याला आयोवा स्टेटचा आठवतो तो देणार नाही. खेळाडू तोच आणि महिनाही तोच.

आपल्याकडे वेगळं काय होतं? फेब्रुवारीत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेला मुलगा मार्चमध्ये आठवतो. जुलैत पावसात भिजून रोज वर्गाचं वाचनालय उघडणारी मुलगी तोवर आपल्या मनातून गेलेली असते. चाहते हंगामभर सामन्यागणिक टिपणं ठेवतात. आपणही वर्गाच्या वहीत महिन्याला दोन ओळी लिहून ठेवल्या तर काही बिघडत नाही.

एकच माणूस, दोन निकाल

आता गंमत पाहा. त्याच 2009 च्या हाइझमन मतदानात सू चौथा आला. अलाबामाचा मार्क इन्ग्रॅम 1,304 गुणांनी पहिला, स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट 1,276 गुणांनी दुसरा. फरक फक्त 28 गुणांचा. टेक्ससचा कोल्ट मकॉय, ज्याला सूनं आठवडाभरापूर्वीच आडवंतिडवं पाडलं होतं, तो 1,145 गुणांसह तिसरा. सूला 815. पण असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू सूच ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला बचावपटू. सामने तेच, आकडेही तेच. फक्त मत देणारे बदलले.

हाइझमनचे मतदार कोण? देशाचे सहा भाग पाडून प्रत्येक भागातले 145, असे 870 पत्रकार, शिवाय ही ट्रॉफी पूर्वी जिंकलेले हयात खेळाडू. आणि चाहते? 1999 पासून त्यांनाही मत आहे, पण सगळ्या देशातल्या चाहत्यांचं मिळून एक! हे ऐकून मुलं हसतात. हसू द्या, पण मग विचारा: तुमच्या वर्गातल्या पन्नास जणांच्या मताला किती किंमत असावी? वर्गशिक्षकांच्या एका मताइतकी, की पन्नास मतांइतकी? नागरिकशास्त्राचा एक तास यातच जातो.

मतं मोजायची कशी?

हाइझमनची मतपत्रिका तीन नावांची असते. पहिल्या पसंतीला 3, दुसऱ्या पसंतीला 2, तिसऱ्या पसंतीला 1 गुण. या पद्धतीनं काय होतं ते पाहायला 1956 चं मतदान छान आहे.

नोत्र दामचा पॉल हॉर्नंग: पहिली पसंती 197, दुसरी 162, तिसरी 151.
टेनेसीचा जॉनी मेजर्स: पहिली 172, दुसरी 171, तिसरी 136.
ओक्लाहोमाचा टॉमी मॅकडॉनल्ड: पहिली 205, दुसरी 122, तिसरी 114.

आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना गुण काढायला सांगा. हॉर्नंग 1,066, मेजर्स 994, मॅकडॉनल्ड 973. पहिल्या पसंतीची सर्वांत जास्त मतं ज्याला, तो तिसरा! वर आणखी एक गोष्ट. हॉर्नंगच्या संघानं त्या वर्षी दहापैकी फक्त दोन सामने जिंकले होते आणि मॅकडॉनल्डचा ओक्लाहोमा दहाच्या दहा जिंकून देशात अव्वल ठरला होता. हरणाऱ्या संघातून हाइझमन जिंकणारा हॉर्नंग हा आजवर एकटाच.

मग ओक्लाहोमाचं घोडं अडलं कुठं? त्याच संघातला जेरी टब्स चौथा आला. त्याला पहिल्या पसंतीची 121 मतं होती. एकाच संघातले दोन चांगले खेळाडू उभे राहिले आणि त्या संघावर खूश असलेल्यांची मतं दोघांत वाटली गेली असावीत. वर्गाच्या मॉनिटरच्या निवडणुकीत एकाच गटातले दोन मित्र उभे राहतात तेव्हा असंच होतं. मॉनिटर होतो तिसराच.

कोणती पद्धत बरोबर, असं पालक विचारतात. माझं मत सांगते. शाळेसाठी पसंतीक्रमाची पद्धत बरी, कारण त्यात मुलाला स्वतःच्या जिवलग मित्राचं नाव लिहून झाल्यावर आणखी दोघांचा विचार करावाच लागतो. शांत, मागच्या बाकावरच्या मुलांची नावं मला बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच सापडली आहेत. एकच नाव लिहायला सांगितलं असतं तर ती चिठ्ठीवर आलीच नसती.

वर्गात करून पाहायचं असेल तर आधी तीन-चार प्रश्न ठरवा: वर्गासाठी सर्वांत जास्त धावपळ कोणी केली, इतरांना शिकवलं कोणी, नवीन आलेल्यांत रुळलं कोण. प्रत्येक प्रश्नाला तीन नावं लिहायची आणि पहिल्या नावापुढे कारण म्हणून वर्षातला एखादा प्रसंग लिहायचा. 'हुशार आहे', 'चांगला आहे' हे कारण धरायचं नाही. स्वतःचं नाव लिहायचं नाही, हे मात्र आधीच स्पष्ट सांगा.

आठवी-नववीला 1956 च्या आकड्यांवर एक गणित जास्तीचं देता येईल: गुण 3, 2, 1 ऐवजी 5, 3, 1 दिले तर क्रम बदलतो का? आणि 2, 1, 0 दिले तर? उत्तरं शिक्षकांसाठी देऊन ठेवते. 5-3-1 मध्ये हॉर्नंग 1,622, मेजर्स 1,509, मॅकडॉनल्ड 1,505. 2-1-0 मध्ये हॉर्नंग 556, मॅकडॉनल्ड 532, मेजर्स 515. पहिला तोच राहतो, दुसरा-तिसरा मात्र जागा बदलतात.