कॅमेरा येतोय ऑफिसात!

28 डिसेंबर 1895. पॅरिसच्या ग्रँड कॅफेच्या तळघरात लुमिएर बंधूंनी तिकीट लावून दहा छोटे चित्रपट दाखवले. त्यातला पहिला ना राजाचा होता ना परीचा. तो होता कारखाना सुटतानाचा! लिआँ शहरात त्यांचाच फोटोच्या काचा बनवण्याचा कारखाना होता. त्याचं फाटक उघडतं, कामगार बायका-पुरुष लगबगीने बाहेर पडतात आणि पाऊण मिनिटात खेळ खलास. मालकाने स्वतःच्याच कारखान्यावर रोखलेला कॅमेरा, म्हणजे आजच्या हिशेबाने चक्क कॉर्पोरेट व्हिडिओ.

आणि हो, रिटेकसुद्धा तेव्हापासूनचेच. या चित्रपटाच्या तीन आवृत्त्या सापडतात. एकीत एका घोड्याची गाडी बाहेर येते, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत घोडाच नाही. पुढे 7 जुलै 1896 रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात एक रुपया तिकिटाने लुमिएरांचा खेळ झाला, तेव्हाच्या यादीतही कारखाना सुटण्याचं दृश्य होतंच. आपल्याकडे पडद्यावर आलेल्या अगदी पहिल्या माणसांत कामावरून घरी निघालेले कामगार आहेत, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

आज पुण्यामुंबईच्या ऑफिसात शूट ठरलं की पहिली हाक जाते हाऊसकीपिंगच्या मावशींना. काचा लखलखीत होतात, नव्या कुंड्या येतात, रिसेप्शनवर फुलं लागतात. छानच. पण आपल्या डोळ्यांना दिसतं ते कॅमेऱ्याला तसंच दिसत नाही आणि आपल्या कानांनी सोडून दिलेलं माइक मुळीच सोडत नाही. खरी तयारी करायची ती या दोघांसाठी.

फ्रिजमध्ये गाडीची किल्ली

साउंड रेकॉर्डिस्ट मंडळींची जगभर चालणारी एक युक्ती आहे. मुलाखतीच्या खोलीजवळ पँट्री असेल तर तिथला फ्रिज बंद करायचा आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवायची. पॅक-अप झालं की किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज पुन्हा चालू करायचं विसरणंच अशक्य!

फ्रिजची घुरघुर आपल्याला ऐकू येत नाही, कारण सतत चालणाऱ्या आवाजाकडे मेंदू काणाडोळा करतो. माइक तसं करत नाही. एसीची घरघर, यूपीएसचा गुणगुणाट, लिफ्टची टिंग, कॉफी मशीन, वरच्या मजल्यावर सरकणारी खुर्ची, सगळं त्याला सारख्याच भक्तिभावाने टिपायचं असतं. एसी बंद केला की दिव्यांच्या उष्णतेने खोली तापते आणि साहेबांच्या कपाळावर घाम येतो. म्हणून अनुभवी युनिट दोन टेकच्या मधे एसी लावून खोली गार करून घेतं आणि ‘रोल साउंड’च्या आधी बंद करतं. सेंट्रल एसीच्या इमारतीत तो ऑफिसातून बंद होतच नाही. त्यासाठी बिल्डिंगच्या मेन्टेनन्सवाल्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं. शूटच्या सकाळी सांगितलं, तर तो माणूस सापडेपर्यंत दुपार होते.

ऑफिसातली सगळ्यात देखणी खोली आवाजासाठी बहुतेक वेळा सगळ्यात वाईट निघते. काचेच्या भिंती, ग्रॅनाइटची जमीन, मोकळं मोठं टेबल. शब्द तोंडातून निघाला की चहूबाजूंनी आपटून परत येतो. एक टाळी वाजवून बघा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर जमिनीवर गालिचा, कॅमेऱ्यामागे जाड पडदे किंवा चादरी हव्यातच. याउलट स्टोअर रूम! पुठ्ठ्याची खोकी, कापडाचे गठ्ठे, फायलींची चळत. हा सगळा पसारा आवाज शोषून घेतो. निव्वळ आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर एमडींच्या केबिनपेक्षा स्टोअरकीपरची खोली सरस ठरते. मला विचाराल तर तीच मागून घ्या.

कॉलर माइकची तऱ्हा आणखी वेगळी. तो शर्टाच्या पट्टीवर सुखाने बसतो, पण साडीवर बसवणं हे कौशल्याचं काम. कडक खळीची सुती साडी असेल तर पदर हलला की खरखर आलीच. माइक खांद्यावरच्या पदराच्या निऱ्यांत किंवा ब्लाउजच्या काठाशी टेपने पक्का करतात आणि ट्रान्समीटरची डबी कमरेला परकराच्या नाडीपाशी खोचतात. मंगळसूत्र माइकवर आपटणार नाही इतकं बाजूला घ्यायचं, आणि काचेच्या बांगड्या असतील तर हात मांडीवर स्थिर. हे सगळं सांगायला आणि करायला युनिटमध्ये एखादी मुलगी असली तर मुलाखत देणाऱ्या बाईंचा संकोच निम्मा कमी होतो.

मुलाखत संपली की रेकॉर्डिस्ट अर्धा-एक मिनिट सगळ्यांना पुतळ्यासारखं गप्प उभं करतो. नुसत्या खोलीचा आवाज टिपून घ्यायचा असतो. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट बुजवायला तोच लागतो, कारण पूर्ण निःशब्द फट कानाला लगेच खटकते. आणि ऑफिसात मंद आवाजात गाणी लावायची पद्धत असेल, तर त्या दिवशी ती बंद ठेवा. वाक्य कापलं की गाणंही मधेच तुटतं, शिवाय परवानगीशिवाय दुसऱ्याचं गाणं कंपनीच्या व्हिडिओत येतं ते वेगळंच.

पासवर्ड पडद्यावर

पांढरा फळा आणि मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी यांनी जगभर मोठमोठ्यांची झोप उडवली आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांचे हवाई दलाच्या व्हॅली तळावरचे कामाचे फोटो प्रसिद्ध झाले. त्यातल्या काहींत मागच्या भिंतीवर यूजरनेम आणि पासवर्ड दिसत होते. संरक्षण खात्याला ते बदलावे लागले. एप्रिल 2015 मध्ये फ्रान्सच्या टीव्ही5 मोंद या वाहिनीवर सायबर हल्ला झाला. त्याबद्दल तिथल्या वार्ताहराने दुसऱ्या वाहिनीला मुलाखत दिली ती नेमकी चिठ्ठ्यांनी भरलेल्या टेबलापुढे! चिठ्ठ्यांवर पासवर्ड होते आणि त्यातल्या यूट्यूबच्या पासवर्डचा अर्थ होता ‘यूट्यूबचा पासवर्ड’. हवाई बेटांच्या आपत्कालीन यंत्रणेच्या कार्यालयातला 2017 चा एक फोटो जानेवारी 2018 मध्ये पुन्हा गाजला. बेटांवर क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला होता आणि लोकांनी जुना फोटो मोठा करून मॉनिटरवरची चिठ्ठी वाचली.

4के चित्राच्या एका फ्रेममध्ये 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळपास 83 लाख ठिपके असतात. कॅमेरामन म्हणतो, ‘मागचं आउट ऑफ फोकस आहे.’ त्याच्यावर विसंबू नका. फळा पुसा, ग्राहकांची नावं लिहिलेले चार्ट काढा, स्क्रीनवरचं खरं काम बंद करून आधी ठरवलेलं दाखवायचं चित्र लावा. ओळखपत्रंसुद्धा गळ्यातून उतरवा.

खिडकीबाहेर लाख, आत पाचशे

भर उन्हात बाहेर साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. ऑफिसच्या टेबलावर तो असतो 300 ते 500 लक्स. आपले डोळे दोन्ही सांभाळतात, कॅमेऱ्याला एकच सांभाळता येतं. म्हणून खिडकीकडे पाठ करून बसवलेले साहेब काळे पडतात किंवा बाहेरचा दिमाखदार देखावा पांढराफट्ट होतो. खुर्ची फिरवली की निम्मा प्रश्न सुटतो. उजेड तोंडावर आला पाहिजे.

उजेडाला रंगही असतो. दिवसाचा उजेड सुमारे 5600 केल्विन, निळसर. जुन्या पद्धतीचा टंगस्टनचा दिवा 3200 केल्विन, पिवळा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की अर्धा गाल निळा, अर्धा पिवळा. त्यामुळे युनिटचे लाइटदादा आल्या आल्या छतावरचे अर्धे दिवे बंद करायला लावतात, तेव्हा अॅडमिनने घाबरून जायचं कारण नाही. त्या दिव्यांची बटणं कुठल्या पॅनेलमध्ये आहेत हे माहीत असलेला माणूस मात्र जवळ हवा.

आपली वीज 50 हर्ट्‌झची. साधी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी त्यामुळे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. आपल्याला ते कळत नाही, कॅमेऱ्यात मात्र आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्ट्या गायब. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, त्यामुळे तिथल्या सेटिंगने आलेला कॅमेरा इथे हमखास रुसतो.

विजेचंच आणखी एक. 2 किलोवॉटचा दिवा 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. भिंतीवरच्या लहान सॉकेटची ऐपत 6 अँपिअरची. म्हणजे 16 अँपिअरचे मोठे पॉइंट कुठे आहेत ते आधीच दाखवून ठेवायचं. कॉम्प्युटरच्या यूपीएसच्या लाइनवर दिवा लावला तर अख्खा विभाग अंधारात जाऊ शकतो. 300 वॉटचा एलईडी दिवा सव्वा अँपिअरवर भागतो, म्हणून शक्य असेल तर एलईडीच मागवा.

शर्टावरच्या लाटा

बारीक चौकड्यांचा शर्ट कॅमेऱ्यात नाचतो. कापडावरच्या बारीक रेघा आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की इंद्रधनुषी लाटा उठतात. गडद साधा रंग घाला, फिका निळा घाला, पांढराशुभ्र टाळा. एडिटिंगमध्ये दुसरं चित्र बसवण्यासाठी मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं काहीच नको, नाहीतर साडीचा काठ पारदर्शक होतो! पडदा हिरवाच का? कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी 1976 मध्ये पेटंट घेतलेल्या रचनेत सेन्सरच्या दर चार ठिपक्यांपैकी दोन हिरव्यासाठी असतात, एक लाल आणि एक निळा. हिरव्याची माहिती सगळ्यात भरघोस मिळते, म्हणून माणूस आणि पडदा स्वच्छ वेगळे करता येतात.

भिंतीवरचं घड्याळ उतरवा. सकाळी अर्धं बोललेलं वाक्य दुपारी पूर्ण झालं तर काटे चुगली करतात.

दसऱ्याचा मुहूर्त

कारखान्यात शूट असेल तर माझं मत ठाम आहे: दसरा होऊन गेल्यावर लगेच करा. खंडेनवमीला प्रत्येक यंत्र पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू लावून पुजलेलं असतं. वर्षभरात मशीन शॉप इतकं नेटकं दुसऱ्या कुठल्या आठवड्यात दिसत नाही. झेंडूच्या माळा मात्र फिरत्या यंत्राजवळ नकोत. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज न घातलेला एक माणूस मागे दिसला तरी सेफ्टी ऑफिसर अख्खा शॉट बाद करतो, आणि ते योग्यच आहे. जिथे ज्वलनशील वायू किंवा सॉल्व्हंट आहेत तिथे साधा कॅमेरा नेताच येत नाही, आधी परमिट लागतं. ड्रोन उडवायचा तर सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघा. विमानतळाच्या कुंपणापासून 12 किलोमीटरपर्यंत परवानगी लागणारा पिवळा पट्टा पसरलेला असतो, आणि मुंबईपुण्याची कितीतरी ऑफिसं त्यात येतात.

कारखान्याची फिल्म कंटाळवाणीच असते, असं म्हणणाऱ्यांनी बर्ट हान्स्ट्रा यांची ‘ग्लास’ पाहावी. 1958 ची, जेमतेम दहा-अकरा मिनिटांची, नेदरलँड्समधल्या लीरदामच्या काच कारखान्यात चित्रित केलेली. निवेदन नाही, जॅझ संगीत आहे. एका ठिकाणी यंत्रात बाटली अडकते, मागून येणाऱ्या बाटल्या एकामागून एक फुटत राहतात, आणि शेवटी माणसाचाच हात मदतीला येतो. या फिल्मला ऑस्कर मिळालं. बिघाड लपवला असता तर तिची निम्मी जान गेली असती.

आपल्याकडेही दादासाहेब फाळक्यांनी 1917 मध्ये चित्रपट कसे बनतात हे दाखवणारी छोटी फिल्म केली आणि स्वतः काम करताना तीत दिसले. म्हणून माझा आग्रह आहे की लोकांना आपलं रोजचंच काम करू द्या. रिकाम्या लॅपटॉपवर बोटं नाचवणारी माणसं पडद्यावर लगेच ओळखू येतात. फिटरदादांना खरा नट आवळू द्या. ज्यांना कॅमेऱ्यासमोर यायचं नाही त्यांचं टेबल आदल्या दिवशी हलवा, कारणं विचारू नका.

साहेबांनी भाषण पाठ करू नये हेही सांगतो. पाठांतराऐवजी वाचायचं, तर टेलिप्रॉम्प्टर असतो; तो 1950 मध्ये अमेरिकेत टीव्ही कलाकारांसाठी तयार झाला. आज तो लेन्सपुढे 45 अंशांत बसवलेली अर्धपारदर्शक काच असतो. पण सवय नसलेल्या माणसाची बुबुळं त्यावर डावी-उजवीकडे पळताना स्पष्ट दिसतात. त्यापेक्षा कॅमेऱ्याशेजारी ओळखीच्या सहकाऱ्याला बसवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

शेवटचं काम गेटवरचं. कॅमेरा, लेन्स, दिवे, स्टँड यांची सीरियल नंबरसकट यादी आदल्या दिवशी सिक्युरिटीला द्या आणि ‘रिटर्नेबल’ गेटपास करून ठेवा. मुंबईत शूटची शिफ्ट बारा तासांची धरतात, आणि त्यातला पहिला तास फाटकावर टेम्पो उभा ठेवण्यात घालवणं कुणालाच परवडत नाही. स्पॉटदादांना चहापाण्याची जागाही तेव्हाच दाखवा.

आणि एक विनंती. मुलाखत ज्या खोलीत, ज्या वेळेला ठरली आहे, त्याच खोलीत आदल्या दिवशी त्याच वेळेला जा. दार लावा, मोबाइल बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहा आणि तो कागद साउंड रेकॉर्डिस्टच्या हातात द्या.