हिरडा, पाऊस आणि खिळा

हिरड्याच्या व्यापारात ‘जबलपूर’ हे एका प्रतीचे नाव होते, जसे ‘वेंगुर्ला’ हे दुसऱ्या प्रतीचे. हा हिरडा कातडी कमावण्यासाठी परदेशी जात असे. त्यातील ज्या तुरट द्रव्यामुळे कातडे टिकते, त्यास टॅनिन म्हणतात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला असता काळी शाई होते, हे आपल्या जुन्या लेखनिकांस ठाऊक होते. हिराकस हा लोहाचा क्षार. तेव्हा ही शाई म्हणजे लोह आणि टॅनिन यांचा संयोगच होय.

घराच्या बाहेरील भिंतीवर लाकडी फळ्या ठोकणाऱ्याने या शाईचा विचार अवश्य करावा. टॅनिन कमीअधिक प्रमाणात पुष्कळ लाकडांत असते. बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी तपकिरी दिसते, कारण लाकडातील द्रव्ये पाण्यात उतरतात. जबलपुरास पावसाळ्याचे महिने भिंतीवरील फळ्यांतही असेच घडते. त्यांत साधा लोखंडी खिळा असेल तर त्याच्या माथ्याखालून काळे ओघळ निघतात. ओघळ कुरूप खरे, परंतु ती केवळ सूचना आहे. खरी हानी दृष्टीआड होते. आतील खिळा झिजतो, लोहाचे क्षार भोवतालच्या लाकडाचे तंतू दुर्बल करतात, भोक सैल पडते; आणि माथा शाबूत दिसत असतानाच एखाद्या वावटळीत फळी निखळते.

यावर जुना उपाय जस्ताचा. जस्त लोहाच्या आधी स्वतः झिजते, म्हणून लेपाला थोडा ओरखडा पडला तरी लोह सुरक्षित राहते. मात्र वितळलेल्या जस्तात बुडविलेला खिळा आणि विजेच्या साह्याने पातळ मुलामा दिलेला चकचकीत खिळा यांत मोठा फरक आहे. दुसरा स्वस्त व देखणा असतो. बाहेरच्या कामास तो घेणे ही खोटी काटकसर होय.

जस्तासही मर्यादा आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेशम् यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधून लाकडास वाळवी व बुरशीपासून दीर्घायुष्य दिले. पुढे आर्सेनिक वगळून तांब्याचे प्रमाण वाढविलेली मिश्रणेही आली. असे लाकूड ओले राहिले की त्यातील तांबे जस्तास झपाट्याने झिजविते. तेथे, तसेच टॅनिनयुक्त लाकडात, स्टेनलेस स्टीलचा खिळा घ्यावा. समुद्रापासून दूर असलेल्या जबलपुरास ३०४ क्रमांकाचे स्टील पुरते. वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात मॉलिब्डेनम असलेले ३१६ क्रमांकाचे हवे. मात्र त्या खिळ्याखाली साधी लोखंडी चकती बसवू नये. ओलाव्यात दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले की चकती अधिक वेगाने गंजते.