पलटण मोडली, माणसे कुठे गेली?

सुरगाणा तालुक्यात, सापुताऱ्याच्या अलीकडे, हातगड उभा आहे. 1818च्या एप्रिलात त्र्यंबकगड इंग्रजांच्या हाती गेला आणि त्या धसक्याने नाशिककडचे असे सतरा किल्ले न लढताच खाली झाले. बहुतेक इतिहास इथे पान उलटतात. दुसऱ्या बाजीरावाला वर्षाला 8 लाखांची नेमणूक मिळाली नि तो बिठूरला गेला. पण गडांवर पहारा देणारी शिबंदी आणि घाटवाटा राखणारे नाईक कुठे गेले?

काही पोलिसात घेतले गेले, पण तो आधार पक्का नव्हता. रामजी भांगरे हा महादेव कोळी जमादार सरकारी चाकरी सोडून 1829च्या सुमारास बंडात उतरला. मुलगा राघोजी त्याच वाटेने गेला. 2 मे 1848 रोजी त्याला ठाण्यात फाशी झाली.

नऊ वर्षांनी सरकारला याच डोंगरातल्या माणसांची गरज पडली. 1857च्या डिसेंबरात पेठ संस्थानात उठाव झाला आणि शेजारच्या सुरगाण्यातले भिल्ल-ठाकरही चिथावले गेले. सुरगाणा तेव्हा देशमुखांचे छोटे संस्थान होते. खानदेशात 1825पासून धरणगावची भिल्ल पलटण होतीच. त्याच धर्तीवर कॅप्टन नटॉलने नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कोळी पलटण उभारली. मंजुरी 600 माणसांची. प्रमुख जावजी नाईक बांबळे. आणि अंमलदारांत कोण, तर फाशी गेलेल्या राघोजीचा सख्खा भाऊ! नटॉल माणसे पारखणारा होता, एवढे मान्य करावे लागते. पलटणीचा वेश: गडद हिरवे पागोटे नि डगला, तांबडट धोतर, पायात चपला. तंबू नाही, ओझे नाही, शिदोरी अंगावर बांधलेली. या पलटणीने दोन वर्षे डोंगरात झुंजून काढली आणि एकदाही पाठ दाखवली नाही, अशी शाबासकी इंग्रजी गॅझेटियरनेच दिली आहे.

मग 1861च्या मार्चमध्ये पलटण मोडली. त्याबद्दल गॅझेटियरमध्ये जेमतेम एक वाक्य आहे: थोडे पोलिसात गेले, बाकीचे पूर्वीसारखे शेती आणि मोलमजुरीकडे वळले. वाक्य सरळ दिसते, पण ‘पूर्वीसारखे’ म्हणजे सावकाराच्या वहीतले जिणे. बारा वर्षांनी होन्या केंगले नावाचा बंडखोर याच मुलखात सावकारांची नाके कापत फिरला आणि 1876 साली पकडला गेला. त्याच्या बंडाला गुन्हेगारी म्हणणे सोपे आहे. शूर माणसे मोकळी सोडून त्यांच्या जमिनीचा प्रश्न तसाच ठेवला, हे कारण मला अधिक पटते.

धरणगावची भिल्ल पलटण उभारणाऱ्या औट्रमची रीत वेगळी होती. तिथे नुसती बंदूक दिली नाही. कसायला जमीन आणि तगाईही दिली. ती पलटण 1891 साली पोलिसात सामावली गेली. औट्रमचा हेतू साम्राज्य टिकवण्याचा होता, हे खरेच. तरी पोटाचे कोडे त्याला कळले होते.

सरकारने मात्र धडा उलटा घेतला. 1878 साली एकीकडे हत्यारबंदीचा कायदा आला, दुसरीकडे जंगल राखीव करणारा. आदिवासीच्या हातचे शस्त्रही गेले आणि पायाखालचे रानही. सुरगाणा संस्थान 1948 साली विलीन झाले. रानाचा प्रश्न विलीन झाला नाही. मार्च 2018मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या किसान सभेच्या मोर्चात सुरगाण्याचे शेतकरी होते. त्यांच्या मुख्य मागण्यांत एक होती: कसत असलेली वनजमीन नावावर करा.

आता गडचिरोलीकडे पाहा. 2025च्या ऑक्टोबरात नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह शरण आला. बंदुका किती जमा झाल्या, ते लगेच छापून आले. त्या माणसांना काम, जमीन, घर काय मिळाले, ते पाच वर्षांनी कोणीतरी जाऊन छापावे, एवढी वृत्तपत्रांना विनंती.